लेकीच्या हाती रेझर कधी द्यावा?

हा प्रश्न मुली सहसा सरळ विचारत नाहीत. एप्रिलच्या उकाड्यातही गुडघ्यापर्यंतचे मोजे निघत नाहीत. गेल्या वर्षी हट्टानं घेतलेला बिनबाह्यांचा फ्रॉक कपाटातून बाहेर येत नाही. पोहण्याच्या क्लासच्या दिवशी नेमकं पोट दुखतं. मग एखाद्या सकाळी बाबांच्या रेझरमध्ये बारीक केस अडकलेले दिसतात, लेकीच्या नडगीवर दोन लाल रेघा असतात आणि "मांजरानं ओरबाडलं" हे उत्तर तयार असतं. घरात मांजर नसतं.

वय असतं दहा-अकरा, इयत्ता पाचवी-सहावी. आईच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य घरोघरी जवळपास एकच: "अगं, एवढ्यात कशाला? ब्लेड लावलंस की राठ येतील." पाठोपाठ आजी मसुराच्या पिठाची आठवण करून देते, मावशी म्हणते थेट वॅक्सच करून आण, आत्याच्या वेळी असलं काही नव्हतंच. या गलक्यात सगळ्यांना हवा असतो तो एक आकडा. बारावं वर्ष? पाळी आल्यावर? आठवीत गेल्यावर?

वैद्यकशास्त्रात असा आकडा नाही. केस काढायला किमान वय किती, याचा नियम कुणी केलेला नाही. समजदार डॉक्टर उलट तीन गोष्टी विचारतात: केस कुठले, कधीपासून दिसतायत आणि ते खुपतायत कुणाला? तिसऱ्या प्रश्नाला घरात क्वचितच कुणी हात घालतं. माझं मत आधीच सांगून टाकते. परवानगी थोडी लवकर दिली तर फारसं बिघडत नाही. सुचवलं लवकर तर बिघडतं.

आधी हे केस येतात कुठून ते बघू. माणसाच्या अंगावर केसांची साधारण पन्नास लाख मुळं असतात. त्यांतली डोक्यावर जेमतेम एक लाख. ही सगळी मुळं आईच्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर नवीन मूळ निघत नाही. तेव्हा दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर एकाएकी आलेले केस नवे नसतात. तिथे असलेल्या लवेचा पोत बदललेला असतो. लव मऊ, आखूड आणि फिकी असते. वयात येताना अँड्रोजेन जातीची संप्रेरकं वाढली की ठरावीक जागची मुळं जाड, काळा, लांब केस बनवायला लागतात. या संप्रेरकांना पुरुषी म्हणायची पद्धत आहे, पण ती प्रत्येक मुलीच्या शरीरात बनतात आणि बनायलाच हवीत.

यातली एक बाब बऱ्याच आयांना ठाऊक नसते. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी साधारण सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, म्हणजे बीजकोश जागे होण्याच्या कितीतरी आधी, आपलं काम वाढवतात. तिसरी-चौथीतल्या मुलीच्या घामाला एकाएकी मोठ्या माणसासारखा वास यायला लागतो, कपाळ तेलकट होतं, ते यामुळे. पुढे जांघेत आणि काखेत केस येतात तेही मुख्यतः याच ग्रंथींच्या जोरावर. "अजून पाळीचा पत्ता नाही आणि केस कसे?" ही धास्ती म्हणूनच बिनबुडाची. पाळी ही या बदलांमधली शेवटाकडची घटना आहे. छातीची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी ती येते.

हा क्रम नीट लिहून ठेवला तो जेम्स टॅनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं. इंग्लंडमधल्या हार्पेंडन इथल्या एका बालगृहातल्या मुलामुलींची वाढ त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं नोंदवली आणि १९६९ साली मुलींच्या वयात येण्याचे पाच टप्पे प्रसिद्ध केले. आजही आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ मुलीची तपासणी करताना कागदावर टॅनरचा टप्पा लिहितात. ढोबळमानानं सांगायचं तर जांघेतले केस आठ ते तेरा या वयात दिसायला लागतात, काखेतले त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी.

आणि हातापायांचे? खरी तक्रार त्यांचीच असते, पण त्यांची गोष्ट जराशी निराळी आहे. पोटऱ्या आणि कोपराखालचा हात इथले केस अँड्रोजेनवर तितके अवलंबून नसतात. तिथे घराणं बोलतं. आईचे हात, आत्याचे पाय, बाबांच्या भुवया यांत पाहिलं की उत्तर सापडतं. गव्हाळ किंवा गोऱ्या कातडीवर काळाभोर केस असला की तो नजरेत भरतो इतकंच. १९६१ साली फेरीमन आणि गॅलवे या दोघांनी बायकांच्या अंगावरचे केस मोजायची एक गुणपद्धत बसवली. शरीराच्या अकरा जागा, प्रत्येकीला शून्य ते चार गुण. पुढे ही पद्धत सुधारली तेव्हा अकरातल्या दोन जागा वगळल्या गेल्या, कारण तिथल्या केसांवरून संप्रेरकांबद्दल फारसं कळत नाही. त्या दोन जागा म्हणजे कोपराखालचा हात आणि गुडघ्याखालचा पाय. लग्नघरात मुलीचा हात धरून "हिला जरा दाखवून आणा डॉक्टरांना" म्हणणाऱ्या बाईचं बोट नेमकं तिथेच असतं.

डॉक्टरांना दाखवायची वेळ कधी येते, ते स्पष्ट सांगता येतं. आठव्या वाढदिवसाच्या आधीच जांघेत किंवा काखेत काळे केस दिसले तर. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं, अधिवृक्क ग्रंथी जरा घाईनं कामाला लागलेल्या असतात. तरीही तपासणी हवी, कारण क्वचित त्यामागे जन्मजात दोष निघतो आणि त्यावर औषध असतं. अशा वेळी डॉक्टर डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगतात तो हाडांचं वय बघायला. केसांबरोबर उंची झपाट्यानं वाढतेय, आवाज घोगरा होतोय, मुरुमं फार आहेत, हनुवटीवर, छातीवर किंवा बेंबीखाली राठ केस येतायत, मानेच्या मागे काळपट मखमली पट्टा दिसतोय, यातलं काही असेल तरी जावं. आता मोठ्या मुलींबाबत एक सावधगिरी. पाळी सुरू होऊन वर्ष होत नाही तोच "पीसीओडी आहे" असा शिक्का घेऊन येणाऱ्या मुली हल्ली फार दिसतात. पहिली काही वर्षं पाळी मागेपुढे होतेच. आणि पाळी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या आठ वर्षांत निव्वळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता राठ होण्याबद्दल. मुलीला नाही म्हणताना आया सगळ्यात जास्त हेच कारण देतात, आणि ते खोटं आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली हा समज तपासून पाहिला. चार पुरुषांना नेमून दिलेल्या पद्धतीनं दाढी करायला लावली, पुन्हा उगवलेले केस तपासले. जाडीत फरक नाही, रंगात नाही, वेगात नाही. (याच ट्रॉटरबाईंनी दुसऱ्या महायुद्धानंतर हाडांच्या लांबीवरून मृत सैनिकांची उंची काढायची सूत्रं बसवली, जी न्यायवैद्यकात अजून वापरतात. दाढीसारख्या क्षुल्लक विषयालाही त्यांनी मोजपट्टी लावली हे मला फार आवडतं.) १९७० मध्ये पुन्हा एक प्रयोग झाला. पाच तरुणांचा एकेक पाय दर आठवड्याला, असे काही महिने भादरला, दुसरा तसाच ठेवला. शेवटी दोन्ही पायांचे केस सारखेच भरले.

त्याचं कारणही साधं आहे. केसाचा कातडीबाहेरचा भाग निर्जीव असतो. आपल्याला कापलं हे तो मुळाला कळवू शकत नाही. मग हाताला राठ का लागतात? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. ब्लेडनं तो मधेच, जाड असतो तिथे कापला जातो आणि वर येतो तो बोथट. ज्वारीच्या उभ्या पिकातून चालताना पायाला काही होत नाही; कापणीनंतर त्याच रानातून अनवाणी गेलं की धसकटं टोचतात. ज्वारी काही वाढलेली नसते. शिवाय वयाचा योगायोग असतोच: अकराव्या वर्षी पहिल्यांदा ब्लेड लावलं आणि तेराव्या वर्षी केस खरोखर दाट झाले, तर ते ब्लेड न लावताही झाले असते. दोष मात्र ब्लेडवर येतो.

हीच बाब डाळीच्या पिठाची. तान्ह्या बाळाच्या पाठीवरून मसुराच्या किंवा हरभऱ्याच्या पिठाचा गोळा दुधाची साय लावून फिरवायचा, लव निघून जाते, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बाळाची जन्मजात लव पहिल्या काही आठवड्यांत आपणहून गळते. पीठ फिरवलं तरी आणि नाही तरी. श्रेय पिठाला मिळतं. दहा वर्षांच्या मुलीच्या हातावर तेच हळद-बेसन घासून काही उपयोग नाही, कारण केसाचं मूळ कातडीच्या आत खोल असतं आणि पीठ तिथवर पोचत नाही. घासून घासून कातडी लाल मात्र होते. दिवाळीचं उटणं दिवाळीला बरं.

खोट्या कारणाचा एक तोटा असा की ते टिकत नाही. मुलगी चोरून ब्लेड फिरवते, महिनाभरानं पाहते तर काहीच झालेलं नसतं. मग पुढच्या वेळी आईनं खरं सांगितलं, की अमुक ठिकाणी वॅक्स नको किंवा मैत्रिणीचं ब्लेड वापरू नको, तरी ती मान हलवते आणि आपलंच करते.

केस काढायची ही रीत मुळात कुठली? फार जुनी आहे आणि फक्त बायकांची कधीच नव्हती. वात्स्यायनानं नागरकाची, म्हणजे सुखवस्तू शहरी पुरुषाची, दिनचर्या सांगताना स्नान आणि मर्दनाबरोबर दाढीचे व अंगावरचे केस काढायचे दिवसही नेमून दिले आहेत. सुश्रुतसंहितेत केस घालवण्याचा लेप आहे, तोही व्रणचिकित्सेच्या प्रकरणात: शंखाचं चूर्ण आणि हरताळ. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं पिवळं खनिज, त्यामुळे घरी करून बघण्यातला प्रकार नव्हे. पण त्यामागचं रसायन आजही जिवंत आहे. तीव्र अल्कली आणि गंधकाचं संयुग एकत्र आलं की केसातल्या केराटिनचे गंधकी बंध तुटतात आणि केस लिबलिबीत होऊन निघतो. चर्मोद्योगात कातड्यावरचे केस काढायला चुना आणि सल्फाइड याच तत्त्वावर वापरतात. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या केस काढायच्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट असतं ते त्याचंच सौम्य भावंड. बाथरूमभर पसरणारा तो ओळखीचा वास गंधकाचा.

"मुलीच्या पायावर केस दिसता कामा नयेत" हा आग्रह मात्र ताजा आहे, आणि त्याचा जन्म बराचसा अमेरिकेतल्या जाहिरातींत झाला. बिनबाह्यांचे पोशाख आले तशी १९१५च्या सुमारास तिथल्या फॅशनच्या मासिकांत काखेतल्या केसांना नावं ठेवणाऱ्या जाहिराती सुरू झाल्या. त्याच वर्षी जिलेट कंपनीनं बायकांसाठी खास रेझर बाजारात आणला. पायांचा नंबर नंतर लागला. १९४२ पासून नायलॉन पॅराशूटसाठी युद्धखात्याकडे गेलं, पायमोजे मिळेनासे झाले आणि उघडे पाय गुळगुळीत दिसावेत म्हणून तिकडच्या बायका रेझर फिरवायला लागल्या. मधल्या काळात या हौसेनं बळीही घेतले. १९२०च्या दशकात क्ष-किरण टाकून केस घालवणारी सलून अमेरिकेत निघाली होती. तिथे गेलेल्या बायकांना पुढे कॅन्सर झाले. कोरेमलू नावाच्या क्रीममध्ये तर थॅलियम होतं, म्हणजे उंदराच्या औषधातलं विष. ओठावरची लव घालवायला ते लावणाऱ्या बायकांचे डोक्यावरचे केस गेले, कुणाचे पाय लुळे पडले, कुणाची दृष्टी गेली. सौंदर्यप्रसाधनांवर सरकारी नियंत्रण आणणारा १९३८चा अमेरिकन कायदा झाला त्यामागे अशी प्रकरणं होती.

आपल्याकडे नऊवारीचा काष्टा घालून शेतात आणि बाजारात वावरणाऱ्या बायकांच्या पोटऱ्या उघड्याच असत, आणि त्यांवरच्या केसांकडे कुणी बघत नसे. मुलीला हे सांगावं का? जरूर सांगावं, पण "म्हणून तूही काढू नकोस" असा शेवट लावून नव्हे. वर्गात चार पोरं तिला अस्वल म्हणत असताना पणजीच्या पोटऱ्यांचा तिला काय उपयोग? २०२४ साली उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेत एक मुलगी राज्यात पहिली आली. तिचा फोटो प्रसिद्ध झाला आणि समाजमाध्यमांवर गुणांपेक्षा तिच्या ओठांवरच्या केसांचीच चर्चा झाली. मोठमोठ्या माणसांनी ती केली. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीची ही गत, तर सहावी ब मधल्या बापड्या पोरीनं काय करावं?

म्हणून खुपतायत कुणाला, हा प्रश्न. उत्तरं साधारण तीन येतात आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक लागते.

मुलीला स्वतःला खुपत असतील आणि ती दोन-चार आठवडे तेच म्हणत असेल, तर वय नऊ असो की तेरा, तिला अडवून ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. पायावर रेझर फिरवणं हा परत न फिरवता येणारा निर्णय नाही. काही आठवड्यांत केस पूर्ववत. कान टोचताना आपण सहा महिन्यांच्या बाळाला विचारत नाही, ते भोक मात्र कायमचं असतं. अडवायचं कारण एकच असू शकतं: हात स्थिर नाही, ती अजून घाईघाईत आंघोळ उरकते, ब्लेडचं भान नाही. तशा मुलीसाठी बॅटरीवरचा ट्रिमर आहे. तो कातडीपासून किंचित वर कापतो, रक्त निघत नाही. पहिलं वर्षभर तोच वापरला तरी चालतं.

वर्गातल्या मुलांना खुपत असतील तर ते आधी शाळेचं काम आहे. आईनं वर्गशिक्षिकेला भेटावं, मुलीचं नाव वर्गात न घेता हा विषय थांबवायला सांगावा. त्याच वेळी मुलीला केस काढायचे असतील तर काढू द्यावेत. शाळा सुधारेपर्यंत तिनं मोजे ओढून बसावं असं नाही. पण घरात दोन्ही गोष्टी वेगळ्या बोलल्या गेल्या पाहिजेत. "काढून टाक म्हणजे चिडवणार नाहीत" हे वाक्य आईच्या तोंडून गेलं की चिडवणाऱ्यांचं म्हणणं आईनं मान्य केलं, असा त्याचा अर्थ मुलगी लावते, आणि बरोबर लावते.

तिसरी शक्यता अवघड, कारण ती आईबद्दल आहे. मुलीला कसलाच त्रास नाही, ती हाफ पँटीत खो-खो खेळते, आणि आईलाच तिच्या पायांकडे बघवत नाही. मुंजीला जायचंय, भरतनाट्यमच्या अरंगेत्रमचे फोटो निघायचेत, सासूबाई काहीतरी बोलल्यात. आई सहज म्हणून जाते, "चल, माझ्याबरोबर पार्लरला, तुझेही हात करून टाकू." त्या क्षणापर्यंत मुलीला आपल्या हातावर केस आहेत हे माहीतच नव्हतं. तो शोध तिला आईनं लावून दिला, आणि तो परत घेता येत नाही. इथे आईनं गप्प बसावं, इतकंच. मुलगी विचारील तेव्हा विचारील. काही मुली कधीच विचारत नाहीत, आणि त्यांचंही छान चालतं.

बाबांनी या प्रकरणात काय करायचं? आपला रेझर कपाटात ठेवायचा आणि विनोद करायचे नाहीत. आई नसलेल्या घरात मात्र शिकवण्याचं काम बाबांचंच. रोज दाढी करणाऱ्या माणसाला ते आईपेक्षा कदाचित बरंच जमेल.

आता कसं काढायचं. आपल्याकडे बायकांचा पहिला कल वॅक्सकडे असतो आणि रेझरकडे जरा कमीपणानं पाहिलं जातं. लहान मुलीसाठी मी हा क्रम उलटा लावीन. वॅक्समध्ये केस मुळापासून उपटला जातो, त्यात दुखणं आलं, आणि उपटलेला केस पुन्हा उगवताना कधी कधी कातडीखालीच वळतो. त्याची पुळी होते, पुळी बरी होऊन काळा डाग मागे राहतो. आपल्या सावळ्या कातडीवर हे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. पार्लरमध्ये तेच भांडं, तोच चमचा अनेकींना फिरतो. घरी साखर-लिंबाचा पाक करून लावायची टूम अधूनमधून येते. तो हातावर पडला तर चिकटून बसतो आणि भाजणं खोलवर जातं. मुरुमांसाठी रेटिनॉइडची गोळी चालू असेल तर कुठेच आणि क्रीम चालू असेल तर त्या जागी वॅक्स अजिबात नको, कातडीच सोलून येते. क्रीम लावायचं तर आधी मनगटाच्या आत थोडंसं लावून एक दिवस वाट पाहावी, आणि डब्यावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये.

रेझर शिकवायला एक रविवार पुरतो. आंघोळीच्या शेवटी, कोमट पाण्यानं पाय भिजून दोन-तीन मिनिटं झाल्यावर. मुलीला स्टुलावर बसवावं, एक पाय पालथ्या बादलीवर. साबणाचा दाट फेस किंवा शेव्हिंग जेल. काहीच नसेल तर केसांचं कंडिशनर उत्तम चालतं. कोरड्या पायावर कधीच नाही. आईनं आधी स्वतःच्या पायावर दोन हात मारून दाखवावेत. रेझर दाबायचा नाही, त्याच्या वजनानंच सरकू द्यायचा. शिकताना केस ज्या दिशेला झुकलेत त्याच दिशेनं, म्हणजे वरून खाली. प्रत्येक हातानंतर मगातल्या पाण्यात ब्लेड खळबळायचं. कापतं ते तीन ठिकाणी: नडगीचं हाड, घोट्याचं टोक आणि गुडघा. गुडघा किंचित वाकवला की कातडी ताणली जाते आणि काम सोपं होतं. काखेत केस सगळ्या दिशांना असतात, त्यामुळे हात डोक्यावर ताणून थोडं थोडं. त्यानंतर लगेच डिओडरंट मारलं की आग होते, हे एकदा सांगूनही मुली एकदा करून बघतातच. पाय पुसून साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल.

गुलाबी रेझरच हवा असं काही नाही; बाबांसाठी मिळतो तसला नवा रेझर तेच काम करतो आणि बहुधा स्वस्त पडतो. पण तो तिचा एकटीचा हवा. आईचाही नको, बहिणीचाही नको, सहलीला मैत्रिणीचा तर नकोच. ब्लेडवर दिसेल न दिसेल इतकं रक्त असलं तरी हिपॅटायटिस बीसारखे विषाणू त्यावरून जाऊ शकतात, आणि चामखीळ तर सहज पसरते. अंगावर चामखीळ किंवा मोलस्कमचे मोत्यासारखे दाणे असतील तर ते बरे होईपर्यंत त्या भागावर ब्लेड फिरवू नये; एकाचे वीस होतात. इसब असेल, जखमेची गाठ राहण्याची प्रवृत्ती असेल, रक्त लवकर थांबत नसेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. पाच ते सात वेळा वापरलं की ब्लेड बदलावं. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाथरूममध्ये ओलं पडलेलं ब्लेड त्याआधीच गंजतं, म्हणून झटकून, वाळवून बाहेर ठेवावं.

जांघेतल्या केसांचं काय, हा प्रश्न हल्ली बारा वर्षांच्या मुलीही विचारतात, आई लाजली तर मोबाइलला विचारतात. सरळ उत्तर द्यावं: ते काढायची गरज नाही. ते अस्वच्छ नसतात, उलट नाजूक कातडीचं घर्षणापासून रक्षण करतात. पाळीत अडचण वाटली तर गोल टोकाच्या कात्रीनं आखूड करता येतात, तीही स्वतःच्या हातानं. या वयात तिथे वॅक्स नाही, क्रीम नाही आणि पार्लरमधल्या कुणाचा हातही नाही. काखेबद्दलही स्वच्छतेचं कारण पुढे करू नये. घामाचा वास कातडीवरच्या जिवाणूंमुळे येतो आणि रोज साबण लावून धुतलं की पुरतं. केस काढायचे ते आवडत नाहीत म्हणून, घाण असतात म्हणून नव्हे.

चेहऱ्याला मात्र जरा धीर धरावा. ओठांवरची लव मुलीला फारच सलत असेल तर पार्लरमधला दोरा हा त्यातल्या त्यात बरा उपाय, वर्षातून चार-सहा वेळा. ब्लीच लावून केस पिवळे करण्यानं सावळ्या चेहऱ्यावर ते जास्तच उठून दिसतात, आणि त्यातल्या पेरॉक्साइडनं आग होते ती वेगळी. लेझरच्या जाहिराती आता शाळकरी मुलींपर्यंत पोचल्या आहेत. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो आणि त्या उष्णतेनं मूळ जळतं. कातडी सावळी असली की तीही थोडी तापते, म्हणून यंत्र आणि हात दोन्ही जाणते लागतात. त्यात वयात येणाऱ्या मुलीची संप्रेरकं अजून बदलत असतात. आज जाळलेल्या मुळाशेजारची लव उद्या राठ होणारच असते. दक्षिण आशियाई स्त्रियांमध्ये चेहऱ्यावर लेझर केल्यावर आजूबाजूची लव उलट वाढल्याचीही उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. पॅकेजचे पैसे भरण्याआधी हे सगळं विचारावं आणि शक्यतो चार-पाच वर्षं थांबावं.

पहिल्यांदा रेझर लावायला दिवस साधाच निवडावा. गॅदरिंगच्या आदल्या रात्री, पोहायला जायच्या सकाळी, सहलीची बॅग भरताना नको. पहिल्या एक-दोन वेळा पायावर बारीक लाल पुरळ उठतं आणि दोन-तीन दिवस खाजतं. त्यावर क्लोरीनचं पाणी किंवा घट्ट लेगिंग्ज गेल्या की वाढतं. पुरळ बसल्यावर ती पुन्हा करील, किंवा कंटाळून सोडून देईल. सोडलंन् तर "काय गं, झाली का हौस?" असं विचारू नये. रेझर वाळवून ड्रॉवरमध्ये ठेवून द्यावा.